बोरखेडीच्या शाळेत समुद्राचं बाळंतपण

जि. प. प्राथमिक शाळा, बोरखेडी,
ता. जाफराबाद, जि. जालना.
रविवार, दि. १९ एप्रिल

आदरणीय दाजी,

तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे संघपालचा, तुम्हाला आणि आक्काला सविनय जयभीम. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत; ऊन सोडलं तर कुणाबद्दल काही तक्रार नाही. तुमचा गुडघा कसा आहे? आगारात दिवसभर उभं राहून गाड्या सोडायच्या म्हणजे गुडघ्याची परीक्षाच. जाफराबादच्या वैद्यांकडून एक तेल घेऊन ठेवलंय, वासाला वाईट आहे म्हणजे गुणाला बराबर असणार. आक्काची शुगर किती आली तेही कळवा. (तिला विचारू नका, ती कमी करून सांगते. तपासणीचा कागद स्वतः बघा.)

हे सगळं फोनवर का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. दाजी, फोनवर तुम्ही 'हं, बोला' म्हणता, माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच आक्का फोन ओढून घेते, मंग शेवग्याच्या शेंगा निघतात, कुणाची सोयरीक कुठं मोडली ते निघतं, आणि मूळ गोष्टीवर यायच्या वेळी रेंज जाते. आणि आता जे घडलंय ते अर्धवट सांगण्यासारखं बिलकुल नाही. शिवाय त्यात माझी एक मोठी चूक आहे. चूक तोंडानं कबूल करताना माझी जीभ अडखळते. लिहून कबूल केली तर निदान अक्षर चांगलं येतं.

तर झालं असं. कोकणातल्या एका विद्यापीठानं आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी खात्यानं मिळून 'समुद्र आपल्या दारी' नावाचा उपक्रम काढला. ज्या जिल्ह्यांना किनारा नाही तिथल्या लेकरांनाही समुद्र कळला पाहिजे, कारण आपल्या शेतात पडणारा पाऊस तिकडूनच उठून येतो, असं परिपत्रकात लिहिलं होतं. (हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते फळ्यावर लिहून ठेवलं.) विद्यापीठानं माणसं आणि जिवंत प्राणी द्यायचे, सरकारनं गाडी आणि परिपत्रकं द्यायची, आणि दोघांच्या मधे प्रत्येक तालुक्यात एक शिक्षक 'सागर-समन्वयक' म्हणून नेमायचा. आमच्या तालुक्याचा समन्वयक ज्या बैठकीत निवडला, त्या दिवशी मी दाढ काढायला गेल्तो. बाकी सगळे हजर होते. एवढ्यावरून निवड कशी झाली ते तुमच्या ध्यानात येईल.

दाजी, मी समुद्र बघितलेला नाही. तळं बघितलंय, धरण बघितलंय, पूर्णेला पूर आलेला बघितलाय. समुद्र मात्र फक्त नकाशात, निळ्या रंगात. पण बावीस वर्षं मास्तरकी करून राह्यलेला माणूस न बघितलेल्या गोष्टीवर जास्त मोकळेपणानं बोलू शकतो. मी अकरा पानांचं भाषण लिहिलं: 'समुद्र : एक अथांग दर्शन'. घरी हिला वाचून दाखवलं. चौथ्या पानावर तिनं विचारलं, पुढं काय होतं? मी म्हणालो, पाणीच आहे. ती म्हणाली, मंग मी पोळ्या करून घेते.

गुरुवारी, नऊ तारखेला, सकाळी आठला गाडी आली. पांढरी गाडी, तिच्यावर निळ्या लाटा रंगवलेल्या, मागं पाण्याच्या टाक्या. गाडीतून हरिओम नावाचा चालक उतरला आणि त्याच्या मागं अर्पिता तांडेल मॅडम. मी हार घेऊन कुणा जाडजूड प्राध्यापकाची वाट बघत होतो. ही पोरगी तिशीच्या आतली, पायात रबरी चप्पल, आणि उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, 'सर, तुमच्याकडं सावलीची खोली कोणती? आणि चालू सॉकेट किती?' सावलीची खोली एकच, मोठा हॉल. चालू सॉकेटही एकच, त्याच हॉलमधलं. (बाकीची तीन आहेत, पण ती शोभेची.) मॅडमनी त्या एका सॉकेटवर हवेचा पंप लावला, टाक्या हॉलमधे मांडल्या, आणि टाक्यांच्या पाण्यात बुडबुडे सुरू झाले. मॅडम कोळ्याच्या घरातल्या. वडील अजून होडी घेऊन समुद्रात जातात, आणि ही समुद्रातल्या प्राण्यांवर पीएचडी करून राह्यली. तिच्या बोलण्यात एकही मोठा शब्द नव्हता. तेव्हाच मला माझ्या अकरा पानांची शंका यायला पाहिजे होती.

टाकीत काय नव्हतं! शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे होते. वाढ झाली की जुनं घर सोडून मोठं घर शोधतात म्हणे. पाच हातांचे समुद्रतारे होते, एखादा हात तुटला तर नवा उगवतो. समुद्रफुलं होती, जी फुलं नसून तोंडं आहेत. लेकरं एकेक बोट पाण्यात बुडवून बघत होती आणि हॉलमधे अशी शांतता होती की जी मला बावीस वर्षांत छडी घेऊनही जमली नाही. आणि एका काचेच्या टाकीत, दोरीच्या तुकड्याला लगडलेला, द्राक्षांचा घड होता. रखमाजी पाटील (तुम्हाला आठवतील, गावात पहिली द्राक्षबाग त्यांनीच लावली) काचेला नाक लावून म्हणाले, 'मणी चांगले फुगले, पण रंग उतरलाय. औषध काय मारता?' मॅडम हसली. म्हणाली, काका, ही द्राक्षं नाहीत, माकूल नावाच्या दहा हातांच्या प्राण्याची अंडी आहेत. मच्छीमारांच्या जाळ्याला चिकटून येतात. आधी लोक खरवडून वाळूत टाकून द्यायचे. आता तिच्या वडिलांच्या गावातले मच्छीमार ती जपून आणून देतात, विद्यापीठ ती सांभाळतं, आणि पिल्लं झाली की परत समुद्रात सोडतात. ह्या घडाला अजून सहा-सात दिवस होते. तोवर गाडी किनाऱ्यावर परत गेलेली असणार होती.

मंग मॅडमनी खिशातून एक पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं हाड काढलं. माकूलच्या पाठीत असतं म्हणे. दारात आमच्या चतुराबाई उभ्या होत्या. (चतुराबाई म्हणजे शाळेची खिचडी शिजवतात त्या. नवरा गेला, पोरगी लग्न करून सिल्लोडला, आणि आता शंभर लेकरांना जेवू घालतात.) त्या हातातल्या उलथन्यासकट आत आल्या आणि म्हणाल्या, 'हा तर समुद्रफेस! माझी आजी उगाळून कानात घालायची. जडीबुटीच्या दुकानात भेटतो.' मॅडम म्हणाली, बराबर, तोच. चतुराबाईंनी ते हाड हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि हळूच म्हणाल्या, 'पन्नास वर्षं मी समजत होते की समुद्राचा फेस गोळा करून वाळवतात. हे कुणाच्या तरी पाठीतलं हाड हाय व्हय?' आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी परत दिलं.

आता माझी चूक. साडेदहाला ऊन चढलं. पाणी गार ठेवायला बर्फाच्या बाटल्या लागत होत्या म्हणून मॅडम आणि हरिओम गाडी घेऊन जाफराबादला गेले. जाताना मॅडम म्हणाली, सर, एवढं पंपाकडं लक्ष ठेवा. मी म्हणालो, बिलकुल चिंता करू नका. आणि ते गेल्यावर माझ्या मनात आलं की लेकरं आयती बसलेली आहेत, गावातले लोक आलेले आहेत, भाषणाला ह्याहून चांगली वेळ कोणती? जयंतीसाठी आणलेला माइक मंडळाकडून मागून ठेवलाच होता. सॉकेट एकच. दाजी, मी ती काळी वायर काढली. ती कशाची वायर आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. माहीत होतं. मला वाटलं, दहा मिनिटांनी काय होतंय.

मी पन्नास मिनिटं बोललो. समुद्र किती खोल आहे, किती रुंद आहे, त्याच्या पोटात किती जीव आहेत, हे मी सांगून राह्यलो होतो, आणि माझ्या पाठीमागं त्यातले खरोखरचे जीव हवेवाचून तडफडून राह्यले होते.

मॅडम दारात आली आणि तिच्या हातातली बर्फाची पिशवी खाली पडली. 'पंप कधी बंद झाला?' मी म्हणालो, 'लाइट गेली असंल.' असं म्हणालो तेव्हा माइक चालू होता, त्यामुळे ते अख्ख्या गावानं ऐकलं, आणि माझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरून राह्यला होता. लेकरांनी आधी पंख्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी वर्गातल्या पोरासारखं एक बोट वर केलं आणि म्हणालो, मी काढली वायर. मॅडम गुडघ्यावर बसून टाकीत बघत राहिली. समुद्रफुलं मिटली होती. शंखातले खेकडे पाण्याच्या वर चढायला बघत होते. मी धावत जाऊन माइकची पिन उपटली आणि पंपाची खुपसली. ठिणगी उडाली, जळका वास आला आणि सॉकेट काळं पडलं. पंप गेला. जोडीला आणलेला दुसरा पंप बॅटरीवरचा, तो आधीच्या गावात दम तोडून बसला होता.

मॅडमनी हरिओमला जालन्याला पिटाळलं. तिथं शोभेचे मासे विकणारं एक दुकान आहे, पंप मिळाला तर तिथंच. जायला-यायला, शोधायला, चार-पाच तास तरी. मॅडम म्हणाली, इतका वेळ हे टिकणार नाहीत, आणि अंड्यांतली पिल्लं तर आता पुरी वाढ झालेली आहेत, त्यांना सगळ्यात जास्त हवा लागते. दाजी, एवढ्या लांबून, घाट चढून, खड्डे चुकवत तिनं ते जीव आणले होते आणि मी ते माझ्या भाषणाखाली चिरडले.

तेव्हा चतुराबाईंनी विचारलं, 'पोरी, ह्यायला नेमकं काय पाहिजे?'

'हवा, मावशी. पाण्यात हवा मिसळली पाहिजे.'

'मंग त्यात काय?' असं म्हणून त्यांनी एका स्टीलच्या पातेल्यानं टाकीतलं पाणी उचललं आणि चहा गार करताना जसं करतात तसं हात उंच करून, वरून, धार धरून परत टाकीत सोडलं. पाण्यात पांढरा फेस झाला. मॅडमनी तो फेस बघितला, मंग चतुराबाईंकडं बघितलं, आणि एकदम उठून उभी राहिली. 'होतं! ह्यानं होतं! पण थांबायचं नाही, आणि भांड्याला साबण नको, तेल नको, हळद नको.'

आता खिचडीच्या पातेल्यांना तेल आणि हळद सोडून दुसरं काय असणार? रखमाजी पाटील धावत घरी गेले आणि चकचकीत घासलेली तांब्याची घागर घेऊन आले. मॅडम इतक्या जोरात 'तांबं नको!' म्हणून ओरडली की पाटलांनी घागर स्वतःच्याच पायावर सोडली. (तांब्याचा अंशसुद्धा ह्या प्राण्यांना विष आहे म्हणे. आपण आरोग्यासाठी रात्रभर ज्यात पाणी ठेवतो, त्यानं हे मरतात. ह्यावर पाटील अजून विचार करून राह्यले आहेत.) शेवटी पाटलांच्या सुनेनं, उषाबाईंनी, पोरीच्या रुखवतासाठी घेतलेले स्टीलचे हंडे आणले, कागदसुद्धा न काढलेले. लग्न अठरा दिवसांवर. त्यांनी ते कागद दातांनी फाडले आणि म्हणाल्या, 'धुऊन ठेवू परत. जीव तर वाचू द्या.' मंग द्वारकाबाई आल्या, नंदाबाई आल्या, बौद्धवाड्यातल्या आल्या, पाटीलगल्लीतल्या आल्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ज्या बाया एका रांगेत बसत नाहीत, त्या त्या दिवशी एका बाकावर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि वरून पाणी सोडू लागल्या. हंडा वर, धार खाली. हंडा वर, धार खाली. एक दमली की दुसरी चढायची. टाक्यांना ओली पोती गुंडाळली, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, बर्फाच्या बाटल्या पाण्यात तरंगत ठेवल्या. मला मॅडमनी चादरी ओल्या करायचं काम दिलं. मी ते इतक्या मन लावून केलं की आयुष्यात कोणतंच सरकारी काम तसं केलेलं नाही.

एक वाजायच्या सुमाराला मॅडम एका कोपऱ्यात भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी घेऊन गेलो तर ती म्हणाली, 'सर, तुम्हाला ऐकू येतंय का?' मी म्हणालो, काय? ती म्हणाली, 'आवाज. आमच्या घरामागं असाच येतो.' मी पण डोळे मिटले. दाजी, एका मागून एक धारा पडत होत्या, पडून पसरत होत्या, आणि मधेच सगळ्यांच्या एकदम पडल्या की मोठा आवाज होऊन परत बारीक व्हायचा. त्यात खारा वास. जाफराबाद तालुक्यात, एक्केचाळीस डिग्री उन्हात, जिल्हा परिषदेच्या हॉलमधे मी समुद्र ऐकला. अकरा पानांत मला हे एका ओळीतही लिहिता आलं नव्हतं.

दोनला चतुराबाईंनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं (मॅडम नको नको म्हणत असताना) आणि सांगितलं, 'खारट झालंय. सकाळच्यापेक्षा.' मॅडमनी दुर्बिणीसारखी एक छोटी नळी काढली, तिच्यावर थेंब टाकून उजेडात बघितलं आणि परत एकदा बघितलं. उन्हानं पाणी उडून मीठ खरंच वाढलं होतं. मॅडमनी विचारलं, मावशी, किती गोडं पाणी घालू? चतुराबाई आमटी दुरुस्त करताना बघतात तसं टाकीकडं बघून म्हणाल्या, 'दीड तांब्या. दोन घातलं तर आळणी होईल.' जारचं पाणी दीड तांब्या घातलं. नळीत बघितलं, मीठ बराबर. मॅडमनी ती नळी चतुराबाईंच्या हातात ठेवली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. चतुराबाई घाबरल्या. म्हणाल्या, 'अगं, शंभर लेकरांची खिचडी करते मी, मला मीठ कळायचं न्हाई तर कुणाला कळायचं?'

चार वाजून गेले होते. धार धरायची पाळी उषाबाईंची होती आणि चतुराबाई काचेसमोर बसून पदरानं वारा घेत होत्या. त्यांनी मॅडमला न बोलावता मला बोलावलं. 'सर, इकडं या. आवाज करू नका.' मी वाकलो. अंडी आता जवळून बघितली तर काचेसारखी पारदर्शक होती, आणि प्रत्येकात, दाजी, प्रत्येकात एक इवलंसं जनावर होतं, आणि त्याला डोळे होते. ते आतून बाहेर बघत होतं. माझ्याकडं बघत होतं. मंग एका मण्याची साल थरथरली, फाटली, आणि तुरीच्या दाण्याएवढं काही तरी मागच्या मागं पाण्यात निसटलं. एक क्षण पाण्यात नुसतंच लोंबकळलं. मंग त्यानं एक बारीकसा काळा ठिपका सोडला.

'शाई!' मॅडम माझ्या मागून कुजबुजली. घाबरलं की शाई सोडतात. जन्मल्या जन्मल्या पहिलं काम काय केलं तर शाई सांडली. शाळेत जन्मल्याचं बराबर दिसत होतं.

मंग दुसरं आलं. मंग चार एकदम. धक्क्यांनी आणि उन्हानं सहा दिवस आधीच. पाणी ओतणं थांबू नये म्हणून मॅडम सारखी ओरडत होती आणि बाया हंडे उचलता उचलता माना वळवून बघत होत्या. पिल्लू वाळूवर बसलं की वाळूच्या ठिपक्यांचं व्हायचं, पांढऱ्या वाटीत घेतलं की फिक्कं पडायचं. शिकवलं कुणी नाही, आई कुठं समुद्रात, आणि ह्याला जन्मताच येतं. मॅडमनी सांगितलं की ह्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं. बाकावर उभ्या असलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, 'तीन? आपल्याला एक सांभाळता येत न्हाई.' आणि हसता हसता त्यांच्या डोळ्याला पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही कारण दोन्ही हातांत हंडा होता. रखमाजी पाटील तर पायाला पट्टी बांधून टाकीसमोर मांडी घालून बसले होते. म्हातारा माणूस, सगळं आयुष्य बियाणं उगवताना बघितलेला. एवढंच म्हणाले, 'हे आपल्या गावात झालं.'

साडेपाचला हरिओम पंप घेऊन आला तेव्हा एकोणतीस पिल्लं झाली होती. पुढच्या तासात आणखी आठ. सदतीस, दाजी. एक समुद्रतारा मात्र वाचला नाही. लेकरांनी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाली, कदाचित प्रवासानंच दमला असेल. ती माझ्याकडं न बघता म्हणाली. मला कळलं.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची गावं रद्द करून मॅडम थेट किनाऱ्याकडं निघाली. त्याआधी परिपाठाला मी सगळ्या लेकरांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की लाइट गेली नव्हती, वायर मी काढली होती, समुद्रतारा माझ्यामुळं गेला. चौथीतली पायल उठली आणि म्हणाली, सर, मंग तुम्हाला शिक्षा कोण करणार? मी म्हणालो, तुम्हीच ठरवा. लेकरांनी आपसात बराच वेळ चर्चा केली आणि ठरवलं की सरांनी दिवाळीपर्यंत भाषण करायचं नाही. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या जरा जास्तच मनापासून वाटल्या.

मागच्या रविवारी मॅडमनी व्हिडिओ पाठवला. सकाळची वेळ, खडकातलं उथळ पाणी, आणि ती आणि तिचे वडील गुडघाभर पाण्यात उभं राहून वाडगा तिरका करतायत. क्षणभर ठिपके दिसतात, मंग नुसतं पाणी. तेवढंच. चतुराबाईंनी तो अकरा वेळा बघितला. आणि काल टपालानं विद्यापीठाचं पाकीट आलं. मला वाटलं खुलासा मागितला असेल. उघडलं तर प्रमाणपत्र, वर विद्यापीठाची आणि सरकारची, दोन्हींची मोहर: 'समुद्रजीव संवर्धनासाठी आमच्या चमूला केलेल्या मार्गदर्शनाबद्दल, श्रीमती चतुराबाई.' त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मार्गदर्शन म्हणजे काय विचारलं. मी म्हणालो, त्यांना येत नव्हतं ते तुम्ही शिकवलं. त्यांनी कागदावरच्या मोहरेवरून बोट फिरवलं. मंग म्हणाल्या, 'सर, मी शाळेत कधी बसले न्हाई.' आणि खिचडीला फोडणी द्यायला गेल्या.

मॅडमनी जाताना मला सांगितलं होतं की आपल्या पूर्णेचं पाणी गोदावरीतून पार पलीकडच्या समुद्रात जातं. म्हणजे आपण आजवर धुतलेलं, सांडलेलं सगळं कधी ना कधी तिकडं पोचलंय. फक्त आपण गेलो नाही. हे ऐकल्यापासून नळ उघडला तरी मला कसंसं होतं.

बाकी ठीक. आक्काला म्हणावं पथ्य पाळ. लेकरांना आशीर्वाद, तुम्हा दोघांना पुन्हा जयभीम.

तुमचा,
संघपाल

ता. क. १ : मूळ काम लिहायचं राहूनच गेलं. मॅडमच्या विभागानं आम्हाला मे महिन्यात ओहोटीच्या वेळी किनारा बघायला बोलावलंय. त्यांचं वसतिगृह रंगवायला काढलंय, त्यामुळं राहायची सोय आपली आपण बघायची. मी बायांना म्हणालो, त्यात काय, माझ्या बहिणीचं घरच आहे रत्नागिरीत. तर चतुराबाई, उषाबाई, द्वारकाबाई वगैरे मिळून नऊ जणी आणि मी. तुमच्या दोन खोल्या म्हणजे आमच्यासाठी भरपूर झाल्या. बाया बाहेरच्या खोलीत झोपतील, तुम्ही आणि मी गॅलरीत.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात बौद्धवाड्यातून निरोप आला. नऊ नाही, सोळा. शिवाय रखमाजी पाटील. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे हे गावात कुणी सांगितलं कुणास ठाऊक. (मी सांगितलं.) आक्काला हे हळूहळू सांगा, एका वेळी दोन-दोन जणी करून.

ता. क. ३ : चतुराबाई शेजारी बसून हे माझ्याकडून लिहून घेतायत. आक्का फोनवर बोलून गेली होती की तुम्हाला माकूलचं सुकं फार आवडतं आणि दर रविवारी बाजारातून आणता. दाजी, चतुराबाईंचा निरोप आहे की आजपासून ते बंद. त्यात कुठलं आपल्या शाळेत जन्मलेलं आणि कुठलं दुसऱ्याचं, हे कढईत ओळखू येणार नाही. बाकी सुरमई, बांगडा जे कराल ते आम्हाला चालेल, त्यांच्याशी आमची ओळख नाही.